वेळापत्रक कोणाच्या सोयीचे? दुसऱ्या विषयाच्या हक्काचा इतिहास



कॉलेज प्रवेशाचा हंगाम आला की वस्तीतल्या अभ्यासिकेत एक प्रश्न हमखास येतो. बी.एस्सी.ला गणित किंवा रसायनशास्त्र मेजर घेतलेली मुले विचारतात, "मायनर म्हणून भौतिकशास्त्र घ्यायचे आहे, पण बसत नाही. काय करू?" बसत नाही म्हणजे वेळापत्रकात बसत नाही. भौतिकशास्त्राचे प्रॅक्टिकल दुपारी एक ते पाच, आणि त्याच वेळी मेजरचा तास. किंवा प्रॅक्टिकल संपते पाचला, गावाकडची शेवटची एस.टी. साडेचारची. किंवा दुपारी दोनपासून मेडिकलच्या दुकानात काम. मग कॉलेजातले कोणीतरी समजूत घालते, "दुसरा सोपा विषय घे ना, क्रेडिट तेवढेच मिळतात." मूल तो घेते आणि विषय संपतो.

हा प्रश्न वरवर फार किरकोळ वाटतो. आरक्षण, शिष्यवृत्ती, वसतिगृह, अत्याचार यांच्यापुढे एका मायनरचे काय एवढे? मी समाजशास्त्राचा विद्यार्थी असल्यामुळे मला तो किरकोळ वाटत नाही. दुसरा विषय कोणाला मिळतो आणि कोणाला मिळत नाही, याला आपल्याकडे मोठा इतिहास आहे, आणि तो इतिहास थेट बाबासाहेबांच्या शाळेपासून सुरू होतो.

कागदावर पर्याय, वर्गात नकार

एल्फिन्स्टन हायस्कूल ही मुंबईतली सरकारी शाळा. तिथे अस्पृश्य मुलाला प्रवेशबंदी नव्हती. भीमराव तिथे शिकले आणि 1907 मध्ये मॅट्रिक झाले. शाळेत दुसरी भाषा म्हणून संस्कृत किंवा फारसी घेता येत असे. भीमरावांना संस्कृत हवी होती, पण शिक्षकाने अस्पृश्य मुलाला संस्कृत शिकवायला नकार दिला. त्यांचे थोरले बंधू आनंदराव यांच्यावरही हीच वेळ आली होती. दोघांनाही फारसी घ्यावी लागली.

आता यात काय घडले ते नीट पाहा. सरकारने असा कोणताही कायदा केला नव्हता की महाराच्या मुलाने संस्कृत शिकू नये. शाळेचा दरवाजा उघडा होता, फी भरली होती, विषय यादीत होता. नकार आला तो वर्गाच्या आत, विषय निवडण्याच्या क्षणी. प्रवेश मिळणे ही एक लढाई, आणि आत गेल्यावर हवा तो विषय मिळणे ही दुसरी. पहिली जिंकली म्हणून दुसरी आपोआप जिंकली जात नाही.

बाबासाहेबांनी पुढे स्वतःच्या कष्टाने संस्कृत शिकून घेतली. पण शाळेत शेजारच्या बाकावरच्या मुलाला जे वेळापत्रकातच मिळत होते, ते त्यांना पुढे आयुष्याच्या धबडग्यातून वेळ काढून मिळवावे लागले. वगळण्याची खरी किंमत ही असते. ज्ञान कायमचे बंद होतेच असे नाही, पण ते महाग होते, उशिरा मिळते आणि एकट्याने मिळवावे लागते.

कोलंबियातले इतर विषय

1913 च्या जुलैत बाबासाहेब न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात पोहोचले. तिथे चित्र उलटे झाले. त्यांनी तिथे घेतलेल्या अभ्यासक्रमांची नोंद आज उपलब्ध आहे. अर्थशास्त्राचे 29, इतिहासाचे 11, समाजशास्त्राचे 6, तत्त्वज्ञानाचे 5, मानववंशशास्त्राचे 4, राज्यशास्त्राचे 3, आणि प्राथमिक फ्रेंच व जर्मनचा प्रत्येकी एक. म्हणजे एकूण 60 अभ्यासक्रम, त्यातले निम्म्याहून अधिक मुख्य विषयाबाहेरचे. आजच्या भाषेत सांगायचे तर मेजर अर्थशास्त्र, आणि भोवती मायनरांचा मोठा गोतावळा.

यातल्या मानववंशशास्त्राच्या चार अभ्यासक्रमांकडे लक्ष द्या. मुख्य विषयाच्या 29 पुढे हे चार म्हणजे काहीच नाहीत. पण 9 मे 1916 रोजी बाबासाहेबांनी भारतातील जातींवरचा तो प्रसिद्ध निबंध वाचला तो प्रा. गोल्डनवायझर यांच्या मानववंशशास्त्राच्या परिसंवादात. जातीचे मूळ सजातीय विवाहाच्या सक्तीत आहे आणि ती सक्ती टिकवण्यासाठी स्त्रियांवर बंधने लादली गेली, ही मांडणी त्या बाजूच्या विषयातून आली. अर्थशास्त्राच्या विद्यार्थ्याने बाजूच्या वर्गात बसून जातीच्या अभ्यासाची दिशा बदलली. कोणी त्यांना सांगितले असते की "तुमचे क्रेडिट भरलेत, मानववंशशास्त्र कशाला?", तर?

पण एक गोष्ट आपण सोयीने विसरतो. हे साठ अभ्यासक्रम केवळ जिद्दीवर झाले नाहीत. बडोद्याच्या सयाजीरावांची दरमहा साडेअकरा पौंडांची शिष्यवृत्ती तीन वर्षांसाठी होती. ती तुटपुंजी होती, त्यातूनच घरी पैसे पाठवावे लागत होते, तरीही तिच्यामुळे दिवसाचे तास अभ्यासासाठी मोकळे झाले. शिष्यवृत्तीचा खरा अर्थ हाच आहे. गरिबाच्या मुलाचा वेळ पोटासाठी विकला जाऊ नये म्हणून समाजाने तो आधीच विकत घेऊन त्याला परत द्यायचा.

त्या शिष्यवृत्तीची मुदत संपली तेव्हा काय झाले हेही आपल्याला माहीत आहे. 1916 च्या ऑक्टोबरात लंडन स्कूल ऑफ इकॉनॉमिक्समध्ये सुरू केलेला अभ्यास अर्धवट टाकून 1917 मध्ये त्यांना परतावे लागले. पण लंडन विद्यापीठाने त्यांना चार वर्षांच्या आत परत येऊन अभ्यास पुढे चालू करण्याची परवानगी दिली होती. त्या परवानगीच्या जोरावर, सिडनहॅम कॉलेजातल्या पगाराची बचत, शाहू महाराजांची मदत आणि मित्र नवल भथेना यांच्याकडून घेतलेले कर्ज एवढ्या बळावर ते 1920 मध्ये परत गेले. 1921 ला एम.एस्सी., 1923 ला डी.एस्सी. संस्थेने वेळापत्रक थोडे वाकवले म्हणून डी.एस्सी. झाली. संस्था ताठ राहिली असती तर ते वर्ष, ती जागा, तो प्रबंध, सगळे गेले असते.

मेघनाद साहा: गणिताचा विद्यार्थी, भौतिकशास्त्राचा शास्त्रज्ञ

आता भौतिकशास्त्राकडे येऊ. आपल्या मुलांना न्यूटन आणि आइनस्टाइन माहीत असतात, मेघनाद साहा फारसे माहीत नसतात. 1893 मध्ये ढाक्याजवळच्या शेवडातली नावाच्या खेड्यात एका छोट्या दुकानदाराच्या घरी त्यांचा जन्म झाला. त्यांची जात बंगालमध्ये तेव्हा खालची मानली जात असे. शाळेत असताना गव्हर्नर फुलर यांच्या भेटीवरच्या बहिष्कारात भाग घेतला म्हणून शाळा सुटली आणि शिष्यवृत्तीही गेली. पुढे कलकत्त्याला प्रेसिडेन्सी कॉलेजात आले. तिथल्या ईडन हिंदू हॉस्टेलमध्ये सवर्ण विद्यार्थ्यांनी त्यांच्या पंक्तीला बसायला हरकत घेतली, सरस्वतीपूजेतही त्यांना दूर ठेवले. विद्येच्या देवीच्या पूजेत विद्यार्थ्याला मज्जाव! यावर अधिक काय बोलायचे?

साहांचा मुख्य विषय भौतिकशास्त्र नव्हता. त्यांनी बी.एस्सी. आणि एम.एस्सी. केली ती गणितात, 1913 आणि 1915 मध्ये. पोटासाठी शिकवण्या केल्या. 1916 मध्ये कलकत्ता विद्यापीठाच्या नव्या सायन्स कॉलेजात ते गणित विभागात अध्यापक म्हणून लागले. तिथे विभागप्रमुखांशी पटले नाही, तेव्हा आशुतोष मुखर्जी यांनी साहा आणि सत्येंद्रनाथ बोस या दोघांनाही भौतिकशास्त्र विभागात जाऊ दिले. ज्या विषयांची पदव्युत्तर पदवी हाती नव्हती ते विषय, उष्मागतिकी आणि वर्णपटशास्त्र, साहांनी स्वतः शिकत शिकत शिकवले. इंटरमीजिएटच्या काळात ढाक्याला शिकून ठेवलेली जर्मन इथे कामाला आली. साहा आणि बोस यांनी आइनस्टाइनचे सापेक्षतेवरचे मूळ जर्मन लेख इंग्रजीत आणले आणि कलकत्ता विद्यापीठाने ते 1920 मध्ये पुस्तकरूपाने छापले.

त्याच वर्षी साहांचे आयनीभवनाचे समीकरण प्रसिद्ध झाले. ताऱ्यांचे वर्णपट वेगवेगळे का दिसतात, याचे उत्तर त्या समीकरणाने दिले. वर्णपटात दिसणारा फरक बराचसा ताऱ्याच्या तापमानामुळे आणि दाबामुळे पडतो, कारण त्यावर अणूंतले किती इलेक्ट्रॉन सुटतील ते ठरते. तापलेल्या वायूचे रसायनशास्त्र, उष्मागतिकी, अणूची नवी कल्पना आणि खगोलशास्त्र, या चार गोष्टी एका डोक्यात एकत्र आल्या तेव्हा हे घडले. एकाच विषयाच्या कप्प्यात बसलेल्या माणसाला हे सुचणे अवघड होते. पुढे 1952 मध्ये हेच साहा कलकत्त्यातून अपक्ष म्हणून लोकसभेवर निवडून गेले.

साहांची गोष्ट आपण "बघा, जिद्द असली की होते" म्हणून सांगू नये. जिद्द होतीच. पण सोबत असे एक विद्यापीठ होते ज्याने गणितवाल्याला भौतिकशास्त्राच्या दारातून आत येऊ दिले. ते दार बंद असते तर जिद्द कुठे वापरणार होते?

1942: बाबासाहेबांनी विज्ञान मागितले

आपल्या चळवळीत कायदा, साहित्य, समाजशास्त्र, राज्यशास्त्र यांना मान आहे, आणि तो असायलाच हवा. मीही त्याच वाटेने आलो. पण बाबासाहेबांची भूमिका आपण नीट वाचली आहे का?

29 ऑक्टोबर 1942 रोजी व्हाइसरॉयच्या मंत्रिमंडळात मजूर खात्याचे सदस्य असताना बाबासाहेबांनी लॉर्ड लिनलिथगो यांना अनुसूचित जातींच्या गाऱ्हाण्यांचे एक सविस्तर निवेदन दिले. त्यात शिक्षणाबद्दल त्यांनी स्पष्ट मांडले की केवळ कला आणि कायद्याच्या पदव्यांनी आपल्या लोकांचे फारसे भले होणार नाही, गरज आहे ती विज्ञान आणि तंत्रज्ञानाच्या उच्च शिक्षणाची. आपली मुले कला आणि कायद्याकडे का जातात याचे कारणही त्यांनी सांगितले. ती आवड म्हणून जात नाहीत, विज्ञान परवडत नाही म्हणून जातात. म्हणून त्यांनी देशातल्या विज्ञान-तंत्रज्ञानाच्या शिक्षणासाठी वर्षाला दोन लाख रुपयांच्या आणि परदेशातल्या शिक्षणासाठी एक लाख रुपयांच्या शिष्यवृत्त्या मागितल्या. 1944 पासून अनुसूचित जातींसाठी मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्ती सुरू झाली. आज आपल्या बँक खात्यात जमा होणारी शिष्यवृत्ती त्याच मागणीच्या वाटेने आलेली आहे.

पुढे 1945 मध्ये पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन झाली आणि 1946 मध्ये मुंबईत सिद्धार्थ कॉलेज उभे राहिले. ते कला आणि विज्ञान या दोन्ही शाखांचे कॉलेज होते. प्रयोगशाळा चालवणे महाग असते, तरी विज्ञान शाखा पहिल्यापासून ठेवली. 1947 मध्ये सोसायटीने रात्रीची शाळाही सुरू केली, आणि 1950 मध्ये औरंगाबादेत कॉलेज काढले, ते म्हणजे आजचे मिलिंद.

रात्रीच्या शाळेला आपल्याकडे आणखी जुना आधार आहे. जोतीराव आणि सावित्रीबाईंनी 1855 मध्ये शेतकरी-कामकऱ्यांसाठी रात्रीची शाळा चालवली. दिवसभर राबणाऱ्या माणसाला दिवसाची शाळा म्हणजे बंद शाळाच. म्हणून फुल्यांनी माणसाला वेळापत्रकात कोंबले नाही, माणूस पाहून वेळापत्रक ठरवले. आपल्या परंपरेत वेळापत्रक हा कारकुनी विषय कधीच नव्हता.

आजचे गणित मांडून पाहू

आता आजच्या कॉलेजकडे या. नव्या शैक्षणिक धोरणानुसार महाराष्ट्र शासनाने 20 एप्रिल 2023 रोजी काढलेल्या निर्णयात तीन वर्षांच्या पदवीसाठी 120 ते 132 क्रेडिट आहेत आणि त्यातले 18 ते 20 मायनरचे. कागदावर ही फार चांगली गोष्ट आहे. दुसरा विषय हा आता विद्यार्थ्याचा अधिकार झाला आहे.

पण क्रेडिट म्हणजे किती तास? थिअरीचा एक क्रेडिट म्हणजे सेमिस्टरला 15 तास. प्रॅक्टिकलचा एक क्रेडिट म्हणजे 30 तास. समजा, मायनर 20 क्रेडिटचा आहे. इतिहासासारखा पूर्ण थिअरीचा विषय असेल तर एकूण 300 तास लागतील. भौतिकशास्त्रात निम्मे क्रेडिट प्रॅक्टिकलचे धरले तर 150 अधिक 300, म्हणजे 450 तास. मार्कशीटवर दोन्ही सारखेच, 20 क्रेडिट. वेळ मात्र दीडपट. ज्याच्याकडे वेळ आहे त्याला फरक पडत नाही. ज्याचा वेळ दुकानात, शेतात, धुण्याभांड्यात, एस.टी.च्या प्रवासात विकला गेला आहे, त्याच्यासाठी हे 150 तास म्हणजे भिंत आहे.

दुसरी अडचण साखळीची. भौतिकशास्त्रात यांत्रिकी आधी, मग विद्युत आणि चुंबकत्व, मग लहरी आणि क्वांटम. प्रत्येक पायरीला कलनशास्त्राचा आधार लागतो. एखादा पेपर वर्षातून एकदाच शिकवला जात असेल आणि त्या सेमिस्टरला तास एकमेकांवर आले, तर एका पेपरापायी अख्खे वर्ष मागे. तिसरी अडचण हजेरीची. 75 टक्के हजेरी नसेल तर परीक्षाही धोक्यात आणि शिष्यवृत्तीही. आणि चौथी, छोट्या कॉलेजात प्रयोगशाळेची एकच बॅच असते, तिची वेळ मेजरवाल्यांच्या सोयीने ठरते. मायनरवाला उरलासुरला.

यात कोणी जातीचे नाव घेत नाही. घेण्याची गरजच नाही. एल्फिन्स्टनमध्ये नकार द्यायला एक माणूस लागला होता. आज वेळापत्रक भिंतीवर चिकटवले की काम होते. कोणाचा हेतू वाईट असेलच असे मी म्हणत नाही. पण समाजशास्त्राने एक गोष्ट शिकवली, नियम सगळ्यांना सारखा असला तरी त्याचा भार सगळ्यांवर सारखा पडत नाही.

"पण नोकरी कशात आहे?"

आपल्यातलेच काही जण म्हणतील, भौतिकशास्त्राने पोट भरते का? एम.पी.एस.सी. करा, बँकेची परीक्षा द्या. पोटाची काळजी खोटी नाही. पण गणित किंवा रसायनशास्त्राच्या मुलाला भौतिकशास्त्राची जोड मिळाली तर पदार्थविज्ञान, हवामान, वैद्यकीय उपकरणे, इलेक्ट्रॉनिक्स, शाळा-कॉलेजातले अध्यापन अशा वाटा उघडतात. आणि पोटापलीकडचीही एक गोष्ट आहे. चमत्कार, ज्योतिष, ग्रहशांती यांच्या नावाने आपल्याच वस्त्यांत लूट चालते. बुद्धाने तपासून घ्यायला शिकवले. प्रयोगशाळेत मुले तेच करतात, मोजतात, चूक किती असू शकते ते लिहितात, मग निष्कर्ष काढतात. ही सवय चळवळीला नको आहे का?

दुसरे कोणी म्हणेल, धोरणात मधेच बाहेर पडून परत यायची सोय आहे की. आहे. पण बाबासाहेबांना लंडनने परत येण्याची मुभा दिली होती, आणि परत जायला त्यांच्यामागे शाहू महाराज उभे राहिले. आपल्या मुलाला एक वर्षानंतर सर्टिफिकेट देऊन निरोप दिला, आणि परत येण्याचा खर्च त्याच्यावरच टाकला, तर ती सोय गळतीला दिलेले सभ्य नाव ठरेल.

मग करायचे काय?

विद्यार्थ्यांनी आधी हे करावे:

1. प्रवेश घेण्यापूर्वी फक्त माहितीपुस्तिका पाहू नका, मागील वर्षाचे प्रत्यक्ष वेळापत्रक मागा. मायनर यादीत आहे आणि शिकवला जातो, या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.
2. आठवड्याचा तक्ता करताना सगळ्यात आधी प्रॅक्टिकल बसवा, कारण ते हलत नाही. मग मेजर, मग गणित, आणि शेवटी ओपन इलेक्टिव्ह, भाषा वगैरे हलके विषय.
3. सहाही सेमिस्टरचा तक्ता पहिल्याच महिन्यात लिहून काढा. कोणता पेपर कशाच्या आधी लागतो ते बाणाने दाखवा. अडचण पाचव्या सेमिस्टरला कळली तर उपाय उरत नाही.
4. तास एकमेकांवर येत असतील तर तोंडी बोलू नका. प्राचार्यांना लेखी अर्ज द्या, पोच घ्या, दहा जणांच्या सह्या घ्या.

आणि कार्यकर्त्यांनी या मागण्या लावून धराव्यात. मायनरच्या प्रॅक्टिकलची निदान एक बॅच सकाळी लवकर किंवा शनिवारी असावी. जवळच्या दोन-तीन कॉलेजांनी मिळून प्रयोगशाळा वापरू द्यावी. कलनशास्त्र कच्चे असलेल्यांसाठी सुट्टीत मोफत जोडवर्ग घ्यावा, आपल्या अभ्यासिकांनीही तो घ्यावा. आणि दर वर्षी कॉलेजने जाहीर करावे की कोणत्या मायनरला कोणत्या प्रवर्गातली किती मुले बसली आणि किती मधेच सोडून गेली. हा आकडा मागायला माहितीचा अधिकार आहे, तो वापरा.

आपण पाण्यासाठी महाडला गेलो, वसतिगृहांसाठी मोर्चे काढले, शिष्यवृत्तीसाठी समाजकल्याणच्या दारात बसलो. आता कॉलेजच्या सूचनाफलकासमोरही उभे राहावे लागेल. भीमरावांना संस्कृतऐवजी फारसी घ्यावी लागली, याला शंभराहून अधिक वर्षे झाली. आज आपल्या मुलीला भौतिकशास्त्राऐवजी "जे बसेल ते" घ्यावे लागत असेल, तर त्या सूचनाफलकावरचे वेळापत्रक बदलायला लावणे हे आपलेच काम आहे.

जय भीम! जय सावित्री!